समुद्रांतील लोखंडी पेवें

वऱ्हाडांतील जुन्या वाड्यांत ज्यांचें बालपण गेलें, त्यांना पेव म्हणजे काय हें सांगावयास नको. भुईच्या पोटांत खोदलेली ती धान्याची खोल कोठी; तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढेंच, पोट मात्र ऐसपैस. तींत जोंधळा भरावा, तोंड लिंपून बंद करावें आणि पुढें गरज पडेल तेव्हां उघडावें. परंतु पेव उघडल्याबरोबर त्यांत कोणी उतरत नसे. दाण्यालाही श्वास असतो. कोंडलेल्या जागेंतील प्राणवायु तो हळूहळू संपवून टाकतो आणि त्याच्या जागीं मारक हवा सांठते. म्हणून पेवाचें तोंड कांहीं वेळ मोकळें ठेवावें, मग दोरीला बांधून जळता दिवा खालीं सोडावा, आणि तो विझला नाहीं तरच माणसानें उतरावें, अशी वडीलधाऱ्यांची शिस्त असे. ही शिस्त जेथें मोडली, तेथें एक गडी खालीं गेला तो हांकेला ओ देईना, त्याला काढावयास दुसरा उतरला तोही वर आला नाहीं, असे प्रसंग ओढवत.

तिवसा गांवापासून कोणताही समुद्र शेंकडों मैल दूर. येथें बसून रशियन आरमारांतील अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्यांच्या अपघातांविषयीं लिहावयाचें, हें वाचकांस विलक्षण वाटेल. परंतु या अपघातांच्या हकीकती जो जो वाचाव्या, तो तो त्या पेवाचीच आठवण होते. अणु, समुद्र आणि शत्रु हीं तीन नांवें भयंकर खरीं. पण पाणबुडींतील माणसें बहुतेक वेळां मेलीं तीं कोंडलेल्या हवेनें, आगीनें, धुरानें, आणि दिवा न सोडतां उतरण्याच्या घाईनें. शिवाय या पेवांचा आमच्या घरांशीं कांहीं संबंध नाहीं, असेंही आतां म्हणतां येत नाहीं. तो संबंध काय, तें पुढें येईलच.

अणुभट्टी पाण्याखालीं कशासाठीं?

जुन्या तऱ्हेच्या पाणबुडीचें डिझेल-यंत्र चालण्यास हवा लागते. म्हणून पाण्याखालीं ती केवळ बॅटऱ्यांच्या विजेवर चालते, आणि बॅटऱ्या भरून घेण्यासाठीं तिला थोड्याथोड्या अवधीनें वर येऊन नाक बाहेर काढावें लागतें. अणुभट्टीला हवेची गरज नाहीं. युरेनियमचे अणु फुटून जी उष्णता निघते तिनें पाण्याची वाफ करावयाची, वाफेनें चक्र फिरवावयाचें, आणि याच शक्तीच्या जोरावर पाण्यांतून प्राणवायुही काढावयाचा, अशी ही योजना आहे. अशी पाणबुडी महिने-महिने वर न येतां राहूं शकते. मर्यादा पडते ती माणसांच्या शिध्याची आणि धीराची.

अमेरिकेची ‘नॉटिलस’ ही पाणबुडी १९५५ सालीं अणुशक्तीवर प्रथम चालली, आणि तीनच वर्षांनीं, १९५८ सालीं, रशियाची ‘के-३’ चालूं लागली. पुढील तीस-पस्तीस वर्षांत रशियानें अशा सुमारें अडीचशें पाणबुड्या बांधल्या. दोन बलाढ्य राष्ट्रांची अशी शर्यत लागली म्हणजे घाई होते. आणि घाई करणारे एक व तिची किंमत भरणारे दुसरे, हा जगाचा अनुभव येथेंही खोटा ठरला नाहीं. त्या पहिल्या ‘के-३’ वरच १९६७ च्या सप्टेंबरांत आग लागून ३९ माणसें दगावलीं.

आठ जणांनीं निवविलेली भट्टी

या घाईचें सर्वांत करुण उदाहरण ‘के-१९’ चें. ४ जुलै १९६१ रोजीं ही पाणबुडी उत्तर अटलांटिक महासागरांत असतां तिच्या अणुभट्टीला थंड ठेवणाऱ्या नळांना गळती लागली. भट्टी तत्काळ बंद केली गेली. परंतु चूल विझविल्यावरही राखेखालीं निखारे धगधगत राहावे, तशी अणुभट्टीच्या पोटांतील उष्णता बंद केल्यानंतरही चालूच राहते. तिला पाणी मिळालें नाहीं तर ती स्वतःलाच वितळवूं लागते. अशा प्रसंगासाठीं पाणी पुरविणारी एक दुसरी व्यवस्था असावयास हवी होती. ती या पाणबुडीवर बसविलेलीच नव्हती. त्यांतच दूरवर संदेश पाठविणारें बिनतारी यंत्रही निकामी झालेलें.

कप्तान निकोलाय झातेयेव याच्यापुढें एकच मार्ग उरला. भट्टीच्या दालनांत माणसें पाठवून, हवा सोडण्याच्या झडपेला नळी सांधावयाची आणि तिच्या वाटेनें भट्टीला पाणी द्यावयाचें. आंत जाणारांच्या अंगावर रासायनिक विषापासून रक्षण करणारे पोशाख होते. अणुकिरणांपासून रक्षण करणारे नव्हते. ते पाळीपाळीनें आंत गेले आणि काम पुरें करून बाहेर आले. भट्टी निवाली, पाणबुडी वांचली. परंतु जे आठ जण त्या कामाला लागले होते, ते आठही जण पुढील तीन आठवड्यांच्या आंत मृत्यु पावले, आणि नंतरच्या काळांत आणखीही कित्येक त्याच दुखण्यानें गेले. लांबचें यंत्र बंद असल्यामुळें ‘के-१९’ ची हांक जवळपासच्या जहाजांनाच ऐकूं जाण्यासारखी होती. ती ऐकून रशियाचीच एक जुनी डिझेलची पाणबुडी धांवून आली, म्हणून बाकीचे खलाशी वांचले.

या शूरांचें पुढें काय झालें? त्यांच्या सोबत्यांकडून मौनाची शपथ घेण्यांत आली. रशियांतील जुनी राजवट कोसळेपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षें, या प्रसंगाविषयीं उघड बोलण्याची कोणास सोय नव्हती. पराक्रमाची कथा झांकली गेली याचें दुःख आहेच. परंतु त्याबरोबर चुकीची कथाही झांकली गेली, आणि हें नुकसान त्याहून मोठें. जी चूक कोणाला सांगावयाची नाहीं, ती दुसऱ्या कोणीं टाळावी तरी कशी?

याच ‘के-१९’ वर १९७२ सालच्या फेब्रुवारींत पुन्हां आग लागून २८ माणसें मेलीं. त्या वेळीं पाठीमागच्या दालनांत बारा जण अडकले. पुढील दालनांत विषारी धूर कोंडलेला, त्यामुळें दार उघडण्याची सोय नाहीं. अंधारांत, थंडींत, तीन आठवड्यांहून अधिक काळ ते बारा जण तेथें राहिले आणि अखेर जिवंत बाहेर आले. त्यापूर्वीं दोन वर्षें, १९७० च्या एप्रिलांत, ‘के-८’ ही पाणबुडी बिस्केच्या उपसागरांत आगीनें लुळी पडली. ती पाण्यावर आली खरी, परंतु चार दिवसांनीं वादळांत बुडाली आणि कप्तानासह ५२ जणांना जलसमाधि मिळाली. अणुशक्तीवर चालणारी रशियाची समुद्रांत गमावलेली पहिली पाणबुडी ती हीच.

वीस वर्षांचा सेर्गेइ

३ ऑक्टोबर १९८६ रोजीं अमेरिकेच्या बाजूस, बर्म्युडा बेटांच्या परिसरांत, ‘के-२१९’ या पाणबुडीच्या एका क्षेपणास्त्राच्या नळींत समुद्राचें पाणी शिरलें. त्या पाण्याचा क्षेपणास्त्रांतील इंधनाशीं संयोग होऊन स्फोट झाला आणि विषारी धूर आंत पसरला. पाणबुडी वर आली, परंतु अणुभट्टी आपोआप बंद होईना. भट्टीच्या चार दांड्या हातानें फिरवून खालीं बसविल्या तरच ती विझणार होती.

एक अधिकारी आणि सेर्गेइ प्रेमिनिन नांवाचा वीस वर्षांचा खलाशी असे दोघे त्या तापलेल्या दालनांत शिरले. उष्णता इतकी कीं थोडा वेळ काम करावें, बाहेर येऊन पडावें आणि पुन्हां आंत जावें. अधिकारी शेवटीं बेशुद्धीच्या कांठावर आला. उरलेलें काम सेर्गेइनें एकट्यानें पुरें केलें. भट्टी बंद झाली. तो परत दारापाशीं आला, तों दोन दालनांतील हवेच्या दाबांत फरक पडल्यामुळें दार उघडेना. आंतून त्यानें जोर केला, बाहेरून सोबत्यांनीं केला. दार हाललें नाहीं. सेर्गेइ आंतच राहिला. तीन दिवसांनीं पाणबुडी त्याला पोटांत घेऊन समुद्राच्या तळाशीं गेली. त्याच्या हयातींतील घाईला वेळ लागला नाहीं, त्याच्या गौरवाला मात्र लागला. रशियाचा वीर ही सर्वोच्च पदवी त्याला मरणोत्तर मिळाली ती १९९७ सालीं.

समुद्राच्या कांठीं राहणाऱ्या कित्येकांना या मुलाचें नांव ठाऊक नाहीं. परंतु त्या दिवशीं जळती अणुभट्टी व अण्वस्त्रें घेतलेल्या नौकेवर आणखी कोणता अनर्थ ओढवला असता, याची कल्पना केली तर त्याचें ऋण केवळ रशियावरच आहे असें म्हणवत नाहीं.

७ एप्रिल १९८९ चा ‘कोम्सोमोलेट्स’ चा अपघात तर आगीहून थंडीचाच म्हटला पाहिजे. ही पाणबुडी टायटेनियम धातूची, एक हजार मीटरांहून अधिक खोल जाण्याचा विक्रम केलेली. नॉर्वेच्या समुद्रांत तिच्या मागच्या दालनाला आग लागली. ती वर आली, कित्येक तास तरंगत राहिली आणि मग बुडाली. तिच्यावरील ६९ जणांपैकीं ४२ मेले; त्यांतील बहुतेक आगीनें नव्हे, तर मदत येण्यापूर्वीं बर्फासारख्या पाण्यांत गारठून. आजही ती सुमारें १,६८० मीटर खोलीवर पडून आहे.

‘कुर्स्क’ आणि दोन मिनिटें

ज्या अपघातानें सारें जग हळहळलें, तो ‘कुर्स्क’ चा. १२ ऑगस्ट २००० रोजीं बॅरेंट्स समुद्रांत आरमाराच्या कवायती चालू असतां या प्रचंड पाणबुडींत पहिला स्फोट झाला आणि दोन मिनिटें पंधरा सेकंदांनीं त्याहून कितीतरी मोठा दुसरा. भूकंप नोंदणाऱ्या नॉर्वेच्या यंत्रांवरही त्याचे धक्के उमटले. ११८ माणसें घेऊन ‘कुर्स्क’ १०८ मीटर खोलीवर तळाला टेकली. हें अंतर पाणबुडीच्या स्वतःच्या लांबीहूनही कमी होतें.

कारण काय? टॉर्पेडोंत भरलेलें तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड. जखमा धुण्यास औषधांच्या दुकानांत मिळतें तेंच हें द्रव्य. पण अत्यंत तीव्र केलें, आणि कांहीं धातूंशीं त्याचा संपर्क आला, म्हणजे तें एकाएकीं फुगून प्राणवायु व वाफ यांचा भडका करतें. गळका टॉर्पेडो म्हणजे उशाशीं ठेवलेला सर्प होय. ही गोष्ट जगाला नवी नव्हती. १९५५ सालीं इंग्लंडच्या पोर्टलंड बंदरांत ‘सिडन’ नांवाच्या पाणबुडींत याच द्रव्याच्या टॉर्पेडोनें १३ जणांचा बळी घेतला होता आणि इंग्रजांनीं तें वापरण्याचें सोडून दिलें होतें. म्हणजे पंचेचाळीस वर्षांपूर्वीं एकाच्या पेवांत विझलेला दिवा दुसऱ्यानें पाहिला होता; पाहून न पाहिल्यासारखें केलें, इतकेंच.

दुसऱ्या स्फोटानंतरही मागील टोकाच्या नवव्या दालनांत २३ माणसें जिवंत होतीं. त्यांतील दिमित्री कोलेस्निकोव या तरुण अधिकाऱ्यानें अंधारांत चांचपडत कागदावर त्या सर्वांची नोंद केली. ती चिठ्ठी पुढें त्याच्या देहाबरोबर सांपडली. हवा शुद्ध करणाऱ्या रासायनिक वड्यांचा तेलकट पाण्याशीं संपर्क होऊन त्या दालनांतही भडका उडाला आणि उरलासुरला प्राणवायु संपला. हीं माणसें कांहीं तासच जगलीं असावीं, असें चौकशींत ठरलें.

बाहेर मात्र दिवसांवर दिवस चालले होते. अपघाताची बातमी लोकांस कळली ती दोन दिवसांनीं. नॉर्वे आणि इंग्लंड यांची मदत स्वीकारली गेली ती चौथ्या दिवशीं. नॉर्वेच्या पाणबुड्यांनीं, म्हणजे बुडी मारणाऱ्या माणसांनीं, मागचें झाकण उघडलें ती तारीख २१ ऑगस्ट. तोंवर आंत पाण्यावांचून कांहीं उरलें नव्हतें. नातेवाइकांच्या सभेंत संतापानें प्रश्न विचारणाऱ्या एका मातेला सर्वांच्या देखत सुई टोचून शांत करण्यांत आलें, तें दृश्य जगभर घरोघरीं दिसलें. मुलगा गेल्याचें दुःख कोणतेंही सरकार भरून देऊं शकत नाहीं; पण आईला खरें काय तें वेळेवर सांगणें तरी त्याच्या हातीं असतें.

वर्धेचें पाणी जेथें जातें

आतां आमच्या संबंधाची गोष्ट. ८ नोव्हेंबर २००८ रोजीं जपानच्या समुद्रांत ‘नेर्पा’ या नव्या अणुपाणबुडीची चाचणी चालली होती. तिच्यावर त्या दिवशीं नेहमीहून कितीतरी अधिक, म्हणजे २०८ माणसें होतीं. त्यांतील बरीचशीं कारखान्याचीं. आग विझविण्यासाठीं बसविलेली वायूची व्यवस्था, आग नसतांना, एकाएकीं सुरू झाली. आगीचा श्वास कोंडणारा वायु माणसाचाही श्वास कोंडतो. वीस जण गुदमरून मेले, त्यांत सतरा जण नागरिक होते. त्या वायूंत विषारी द्रव्याची भेसळ असल्याचेंही तपासांत निघालें. एका खलाशावर खटला भरण्यांत आला. ज्यूरीनें त्याला निर्दोष ठरविलें. अणुभट्टीला धक्काही लागला नव्हता. भट्टी शाबूत, कवच शाबूत, समुद्र शांत. आणि आंत अगदीं पेवांतल्यासारखें मरण.

हीच ‘नेर्पा’ दुरुस्त होऊन दहा वर्षांच्या भाड्यानें भारताकडे आली आणि ४ एप्रिल २०१२ रोजीं विशाखापट्टणम् येथें ‘चक्र’ या नांवानें आमच्या नौदलांत दाखल झाली. २०२१ सालीं ती परत गेली. कौंडण्यपुराच्या घाटाखालून वाहणारें वर्धेचें पाणी प्राणहितेंतून गोदावरीला मिळतें आणि ज्या समुद्राच्या कांठीं विशाखापट्टणम् वसलें आहे, त्याच समुद्राला जातें. वऱ्हाड समुद्रापासून दूर आहे असें जें आपण समजतों, तें इतपतच खरें.

मुंबईचा प्रसंग तर याहूनही जवळचा. ‘सिंधुरक्षक’ ही रशियांत बांधलेली पाणबुडी डिझेल व बॅटऱ्यांवर चालणारी, अणुशक्तीची नव्हे. २०१० सालीं विशाखापट्टणम् येथें तिच्या बॅटऱ्यांच्या दालनांत हायड्रोजनचा भडका होऊन एक खलाशी मेला. पुढें ती रशियाच्या उत्तरेकडील सेवेरोद्विन्स्क येथें डागडुजीसाठीं गेली आणि २०१३ सालीं मुंबईस परत आली. त्याच वर्षीं १४ ऑगस्टला, मध्यरात्र उलटल्यावर, मुंबईच्या नौदलाच्या गोदींत धक्क्याला लागलेली असतांनाच तिच्यांतील टॉर्पेडोंचा स्फोट झाला. तीन अधिकारी आणि पंधरा खलाशी असे अठरा जण गेले. दुसऱ्या दिवशीं स्वातंत्र्यदिन होता. पाणबुडी बुडाली ती बंदराच्या उथळ पाण्यांत, तरी आंतील दारें उष्णतेनें जखडून गेल्यामुळें पाणबुड्यांना वाट सांपडेना. ती वर काढण्यांत आली ती पुढील वर्षाच्या जूनमध्यें. हत्यारें हाताळण्याच्या ठरलेल्या पद्धतीचें पालन झालें नाहीं, असें चौकशींत पुढें आलें.

त्यानंतर सहाच महिन्यांनीं, २६ फेब्रुवारी २०१४ रोजीं, मुंबईजवळच्या समुद्रांत ‘सिंधुरत्न’ या तिच्याच जातीच्या पाणबुडींत धूर कोंडला. कपीश मुवाल व मनोरंजन कुमार या दोन तरुण अधिकाऱ्यांचा त्यांत अंत झाला. त्याच दिवशीं नौदलप्रमुख ॲडमिरल देवेंद्रकुमार जोशी यांनीं नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. त्यांनीं स्वतः तो धूर कोंडला नव्हता. परंतु वडीलधाऱ्यानें ‘हें माझ्या घरांत झालें’ असें म्हणण्यांत जें मोठेपण आहे, तें मौनाच्या शपथा घेवविण्यांत नाहीं.

दिवा सोडण्याची रीत

रशियाला एकट्यालाच दोष द्यावा, असें नाहीं. अमेरिकेची ‘थ्रेशर’ १९६३ सालीं १२९ माणसांसह आणि ‘स्कॉर्पियन’ १९६८ सालीं ९९ माणसांसह बुडाली. परंतु ‘थ्रेशर’ नंतर अमेरिकेनें एक कडक नियमावली घातली. पाणबुडीच्या कवचाचा व पाणी आंत येऊं शकेल अशा प्रत्येक नळीचा, सांध्याचा आणि झडपेचा लेखी हिशेब ठेवल्यावांचून तिला समुद्रांत जाऊं द्यावयाचें नाहीं. या नियमांनीं तपासून निघालेली एकही पाणबुडी त्यानंतर बुडालेली नाहीं; ‘स्कॉर्पियन’ ला तो दाखला मिळालेला नव्हता. तोच समुद्र, तोच अणु, तशींच माणसें. अंतर पडलें तें तपासणीनें.

आज भारत स्वतःच अणुपाणबुड्या बांधतो. २०१६ सालीं ‘अरिहंत’ नौदलांत आली; तिचीं दंतचक्रांचीं यंत्रें पुणें जिल्ह्यांतील वालचंदनगरच्या कारखान्यांत तयार झालेलीं आहेत. २०१८ सालीं मुंबईस पाणबुडींतील अडकलेल्या माणसांना सोडविणारें खास वाहन दाखल झालें. सहाशें पन्नास मीटर खोलीपर्यंत जाऊन एका खेपेस चौदा जणांना तें वर आणूं शकतें. बुडालेल्या ‘कुर्स्क’ पाशीं तसें वाहन तातडीनें पोहोंचतें आणि झाकणाला बिलगतें, तर नवव्या दालनांतील यादीचें काय झालें असतें, हा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

वऱ्हाडांतल्या खेड्यांतून आज मुलें सैन्यांत जातात, नौदलांतही जातात. ज्या घरांतला मुलगा अशा बंद पोलादांत उतरला आहे, त्या घरच्या आईला अणुभट्टीचें गणित समजण्याची गरज नाहीं. तिचे प्रश्न दोनच आहेत, आणि ते विचारण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. उतरण्यापूर्वीं दिवा सोडून पाहिला होता काय? आणि कांहीं विपरीत घडलें, तर मला खरें सांगाल काय? पेवांत दिवा सोडून पाहणारा माणूस भित्रा नसतो. त्याला खालीं जाणाऱ्या गड्याच्या जिवाची किंमत ठाऊक असते. सेर्गेइ प्रेमिनिनसारखीं मुलें जगाच्या पाठीवर सर्वत्र जन्मास येतात. त्यांना प्राण देण्याचा प्रसंग येऊं न देणें, हें वर राहिलेल्यांचें काम आहे.